मत कुठे गेलं, हे कोणाला विचारायचं?

पत्र, थोडक्यात:

"मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४७. घरी मिस्टर, ८८ वर्षांचे सासरे आणि दोन मुली आहेत. मोठीला नुकतीच अठरा पूर्ण झाली. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत मिस्टर एका अपक्ष उमेदवारासाठी घरोघर फिरले. आमच्या आणि शेजारच्या वाड्यावरच्या तीसेक घरांनी त्यांना शब्द दिला होता. त्यांच्या हिशेबाने नव्वद मतं नक्की होती. मोजणीनंतर आमच्या बूथवर त्यांच्या माणसाला एकतीस मतं मिळालेली दिसली. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद आहे, 'खंयचेंय बटण दाम, मत थंयच वतलें' (कुठलंही बटण दाबा, मत तिथेच जाणार). २०२४ च्या लोकसभेला ते मतदानाला गेले नाहीत. मोबाइलवर तसलेच व्हिडिओ बघत बसतात. धाकटा दीर म्हणतो, दादाला हार पचलेली नाही. दोघं भाऊ चवथीलाही धड बोलले नाहीत. आता मुलगी म्हणते, यादीत नाव घालून काय मिळणार? मी कोणाचं खरं मानू? मिस्टरांचं खरं असेल तर मी रांगेत उभी राहून स्वतःची फसवणूक करून घेते का? आणि खरं नसेल तर त्यांना समजावू कसं?"

ताई,

नव्वद आणि एकतीस या दोन आकड्यांपासूनच सुरुवात करू. तुमच्या घरातला अबोला तिथूनच सुरू झाला आहे.

एकतीस हा आकडा मोजणीच्या टेबलावरून आला. नव्वद कुठून आला? दारात मिळालेल्या शब्दांतून. आपल्याकडे प्रचाराला आलेल्या माणसाला तोंडावर नाही कोण म्हणतं? त्याला खुर्ची देतात, पाणी देतात, "तुमकांच" म्हणतात. संध्याकाळी दुसरा येतो, त्यालाही तेच ऐकायला मिळतं. एखाद्या घरातल्या मुलाचा नोकरीचा अर्ज कुठेतरी अडकलेला असतो, कोणाच्या नळाची जोडणी राहिलेली असते, कोणाला पंचायतीचा दाखला हवा असतो. अशा घराने सगळ्यांनाच हो म्हटलं तर त्याला मी खोटारडेपणा म्हणणार नाही. गावात राहायचं तर माणूस आपलं मन झाकून ठेवतो, आणि गुप्त मतदानाने त्याला तो हक्क दिलेला आहे. शिवाय तीस घरांनी शब्द दिला म्हणजे प्रत्येक घरातल्या तिघांनी दिला असं नाही. बोलणारा बहुधा एकच असतो. सून काय करणार आहे, हे तिच्या सासऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून मतदानाचं मशीन निर्दोष होतं असा निष्कर्ष मी काढत नाही. नव्वद आणि एकतीस यांतल्या फरकावरून मशीनबद्दल काहीच सिद्ध होत नाही, एवढंच म्हणते. ना मशीन खोटं ठरतं, ना खरं. मशीनची तपासणी वेगळ्या जागी आणि वेगळ्या कागदांवर होते. त्याकडे येतेच. पण त्याआधी तुमच्या दिरांबद्दल थोडं बोलायचं आहे. "दादाला हार पचलेली नाही" हे वाक्य त्यांनी मागे घ्यावं. संशय घेणाऱ्याला रडका ठरवलं की त्याचा संशय कमी होत नाही, तो आणखी घट्ट होतो. तुमच्या मिस्टरांना लागलं असेल ते कदाचित वेगळंच असेल. ज्यांच्या अंगणात बसून त्यांनी चहा घेतला, त्यांनी मत दिलं नाही, हे मान्य करणं फार अवघड असतं. त्या तीस घरांशी रोजची गाठ आहे. मशीनवर राग धरला की निदान शेजाऱ्यांवर धरावा लागत नाही. हे त्यांना बोलून दाखवू नका. तुमच्या मनात मात्र असू द्या.

आता त्यांच्या संशयाकडे येऊ. तो मूर्खपणाचा नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. कोणी त्यांत फेरफार केला असं सिद्ध झालं म्हणून नव्हे. तंत्रज्ञान न शिकलेल्या साध्या नागरिकाला मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे स्वतः पडताळता आले पाहिजेत, आणि त्या यंत्रांत ते जमत नव्हतं, हे कारण होतं. तुमचे मिस्टर थोड्या वेगळ्या शब्दांत हेच विचारत आहेत, "माझं मत कुठे गेलं, ते मला कोण दाखवणार?" प्रश्न रास्त आहे. मात्र जर्मनीतल्या त्या यंत्रांना कागद नव्हता. आपल्याकडे आता आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात मोठ्या प्रमाणावर झाली. १९९९ ची विधानसभा निवडणूक गोव्यात सर्व मतदारसंघांत यंत्रांवर झाली. चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र सर्वच्या सर्व ४० मतदारसंघांत वापरलं गेलं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये, तेही पहिल्यांदा गोव्यात.

बटण दाबल्यावर शेजारच्या पेटीच्या काचेआड दिवा लागतो आणि सात सेकंद चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. मग ती कापली जाऊन खाली पेटीत पडते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका बीप वाजला की लगेच वळतात. चिठ्ठीकडे बघतच नाहीत. मागे रांग असते, आत अवघडल्यासारखं होतं, हे मला कळतं. तरी त्या सात सेकंदांसाठी थांबा. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथेच केंद्राध्यक्षांना सांगायचं. नियम ४९ एमए प्रमाणे ते लेखी जबाब घेतात आणि उमेदवारांच्या एजंटांच्या समोर चाचणी मत द्यायला लावतात. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान तिथेच थांबतं. खोटी निघाली तर शिक्षेची तरतूद आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. खरं बोलणाऱ्या माणसालाही ही तरतूद घाबरवते आणि ती बदलायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मिस्टरांना एकदा विचारा, २०२२ मध्ये त्यांनी स्वतःची चिठ्ठी पाहिली होती का? तिच्यावर कोणाचं चिन्ह होतं? उत्तर "आमच्याच माणसाचं" असेल, तर "बटण कुठलंही दाबा" हे वाक्य निदान त्यांच्या स्वतःच्या मताला लागू होत नाही.

यावर ते म्हणतील, चिठ्ठीवर एक आणि मशीनच्या पोटात दुसरंच असेल तर? त्यासाठीच चिठ्ठ्या मोजतात. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिल्यापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं सोडत काढून निवडली जातात आणि तिथल्या चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. मोठ्या राज्यांत एका मतदारसंघात दोन-अडीचशे केंद्रं असतात, तिथे पाच म्हणजे फारच थोडी. आपले मतदारसंघ तीसेक हजार मतदारांचे आणि चाळीसेक केंद्रांचे. म्हणजे आपल्याकडे साधारण आठातलं एक केंद्र तपासलं जातं. चाळीसपैकी वीस केंद्रांवर कोणी गडबड केली तर पाचांच्या सोडतीत त्यांतलं एकही न सापडण्याची शक्यता शंभरात दोन-तीनच राहते.

पण गडबड एकाच केंद्रावर असेल तर? मग ते केंद्र सोडतीत न येण्याचीच शक्यता जास्त. आणि गोव्यात एक केंद्रही निकाल फिरवू शकतं. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, फोंड्याचा ७७ मतांनी. म्हणून पाच केंद्रं पुरेशी आहेत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अटीतटीच्या निकालात जास्त चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी मला योग्य वाटते. सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांच्या आत अर्ज करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा हक्क दिला. खर्च उमेदवाराने भरायचा, छेडछाड आढळली तर पैसे परत मिळतात. त्याहून सोपी वाट नियम ५६ डी मध्ये आहे. मोजणीच्या वेळीच उमेदवार किंवा त्याचा एजंट कुठल्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्यासाठी लेखी अर्ज करू शकतो. तो मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात. मोजणी झाली आणि फरक निघाला, तर कागदाचा आकडा ग्राह्य धरला जातो. तुमच्या मिस्टरांना एकतीस हा आकडा पटला नव्हता, तर त्या दिवशी त्यांच्या उमेदवाराने हा अर्ज केला होता का, हे जरूर विचारा. बहुधा त्या टेबलावर त्यांचं कोणी बसलेलंच नसावं. अपक्षांचं असं होतं. दारोदार फिरायला माणसं मिळतात, पण मोजणीच्या दिवशी तासन्तास आकडे लिहून घ्यायला कोणी मिळत नाही.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण येते. आमचं घर फोंड्याचं, आणि घर फुलाचं. तरुण वाचकांसाठी सांगते, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असणाऱ्यांचं चिन्ह फूल होतं आणि गोवा वेगळा ठेवू पाहणाऱ्यांचं दोन पानं. विरोधकांचा आक्षेप होता की विलीनीकरणवाद्यांचंच सरकार गादीवर असताना कौल निष्पक्ष कसा होणार? मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि मग मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आम्ही ३४,०२१ मतांनी हरलो. मी तेव्हा लहान होते. वडील दोन दिवस जेवले नाहीत, एवढं मला आठवतं. पण मोजणी खोटी होती, असं त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नाही. पुढे मोठी झाल्यावर विचारलं तेव्हा म्हणाले, "आमची माणसं मोजायला बसली होती ना." मार्च महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. त्याच हरलेल्या माणसांनी पुन्हा रांगा लावल्या आणि बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष पुन्हा निवडून आला. तेव्हा कागदाच्या मतपत्रिका होत्या, आता यंत्रं आहेत. वडिलांचं वाक्य मात्र मला आजही तितकंच लागू वाटतं.

कागदावर परत गेलो की सगळं मिटेल, असंही तुमच्या घरात कोणी म्हणत असेल. आपल्याला त्याचाही अनुभव आहे. पंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि ती कागदी मतपत्रिकेवर होते. १० ऑगस्ट २०२२ ला, विधानसभेनंतर सहा महिन्यांत, तुम्ही सगळ्यांनी शिक्का मारून मत दिलं असेल. कागदाचा मोठा गुण असा की मोजणी शाळा न शिकलेल्या माणसालाही समजते. पण शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर पडला की मत बाद करण्यावरून वाद होतो. आणि पंचाच्या निवडणुकीत पाच-दहा मतांवर वॉर्ड जातो, तेव्हा हरलेल्याला अशी प्रत्येक बाद मतपत्रिका आपलीच वाटते. मिस्टरांनी त्या निवडणुकीत मत दिलं का, आणि तो निकाल त्यांना पटला का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

अजून एका गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं. तुमच्या बूथवर एकतीस मतं पडली, हे गावात सगळ्यांना कळलं कसं? कारण निकाल केंद्रवार जाहीर होतो. सहा-सातशे मतदारांच्या बूथवर कोणता वाडा कोणाकडे झुकला, हे निवडून आलेल्या माणसाला बरोबर कळतं. मग त्या वाड्याचा रस्ता राहून जातो. कागदाच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांची मतं तशीच एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं उपकरण वापरावं, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून वापरात आलेलं नाही. माझ्या मते आपल्या छोट्या गावांत मताच्या शुद्धतेला मशीनमधल्या चिपपेक्षा या उघडेपणाचा आणि मतदानाआधीच्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पाकिटांचा धोका मोठा आहे. ती तीस घरं सगळ्यांना हो म्हणतात, त्याचं मूळही इथेच आहे.

मतदार यादीचंही बघा. मशीनवर भांडणारी माणसं यादी उघडून बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. गोव्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली. तुम्हा तिघांची नावं, वय आणि घर क्रमांक बरोबर आहेत का, हे मतदानाच्या आदल्या दिवशी नव्हे, आत्ताच बघा. नवं नाव घालायला नमुना ६, दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी नमुना ८, मृत किंवा गाव सोडून गेलेल्याच्या नावावर आक्षेप घ्यायला नमुना ७. नमुना ७ मात्र खात्री असेल तरच भरा. कोणाच्या तरी सांगण्यावरून शेजाऱ्याचं नाव उडवू नका, खोटी माहिती देणं गुन्हा आहे. तुम्ही मतदानाला गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं असेल, तर रडत परत येऊ नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत कागदावर घेऊन वेगळं ठेवतात. ते मोजणीत धरत नाहीत, पण खटला झाला तर तोच पुरावा असतो.

सासऱ्यांना केंद्रावर जाणं होत नसेल तर पंच्याऐंशी पूर्ण झालेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ डी भरून द्यावा लागतो. ते मत देत असताना घरातल्या कोणीही शेजारी उभं राहू नये. मिस्टरांनी नाही आणि तुम्हीही नाही.

मुलीला व्याख्यान देऊ नका. नाव घातलं म्हणजे मत द्यावंच लागतं असं नाही. आणि कोणीच पसंत नसेल तर २०१३ पासून शेवटचं बटण नोटाचं आहे. पण नावच नसेल तर पुढे तिचं मन बदललं तरी त्या दिवशी दार बंद असेल. एवढंच तिला सांगा आणि नमुना ६ तिच्या हाती द्या.

आता मिस्टरांकडे. त्यांना समजावू नका, असं मी सुचवते. "तुमचं चुकतं" हे त्यांनी चार वर्षं ऐकलं आहे. त्यांना म्हणा, पुढच्या वेळी तुम्ही एजंट म्हणून बसा. त्याच मतदारसंघातला मतदार असलेल्या आणि सरकारी नोकरीत नसलेल्या माणसाला उमेदवार पोलिंग एजंट नेमू शकतो. अपक्षांना तर अशा माणसाची फारच गरज असते. तिथे त्यांनी नेमकं काय बघायचं, तेही लिहिते. मतदानाआधी एजंटांसमोर निदान पन्नास मतांचं मॉक पोल होतं आणि चिठ्ठ्यांशी ताळा घेतला जातो. नंतर ती मतं यंत्रातून पुसली जातात. ती खरोखर पुसली का, यंत्रावर शून्य दिसलं का, हे डोळ्यांनी बघायचं. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या मैदुकूर मतदारसंघात एका केंद्रावर ही मतं पुसायचीच राहिली आणि मोजणीत फरक आला, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. मग सीलवर सही करायची आणि सीलचे व यंत्राचे क्रमांक वहीत लिहून घ्यायचे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांकडून नमुना १७ सी ची प्रत मागून घ्यायची. एकूण किती मतं पडली हे तिच्यावर लिहिलेलं असतं. मोजणीच्या दिवशी तीच प्रत खिशात ठेवून टेबलासमोर बसायचं. यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण मतं तिच्याशी जुळली नाहीत, तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्यायची. असा एक कागद हजार व्हिडिओंपेक्षा जास्त बोलतो, कारण तो न्यायालयात उभा राहू शकतो.

२०२२ चा प्रश्न त्यांना छळतच असेल, तर नमुना २० बघता येईल. केंद्रवार निकालाचा तो तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्यांच्या उमेदवाराकडे तुमच्या बूथची १७ सी ची जुनी प्रत असेल तर दोन्ही समोरासमोर ठेवून एकूण आकडा ताडून बघा. दीरांनाही बोलवा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. जुळलं तर मिस्टरांची नव्वद मतं कुठे गेली ते त्यातून कळणार नाही, आणि त्या तीस घरांत जाऊन ते विचारूही नका. नाही जुळलं तर मला कळवा, मी पुन्हा लिहीन.

एजंट व्हायला मिस्टर तयार झाले तर एक लक्षात ठेवा. मॉक पोल मतदानाच्या दीड तास आधी सुरू होतं. मतदान सातला असेल तर साडेपाचला केंद्रावर पोचायला हवं, म्हणजे चहा पावणेपाचला. दीरांना म्हणावं, दादाला गाडीवरून सोडून या.